‘मस्त आहे’ म्हणणारे लोक दुकानात ॲप का उघडत नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तिघांनी पुण्यात कर्वेनगर आणि सिंहगड रोड भागात चार दुकानं असलेल्या एका सुपरमार्केटसाठी ॲप केलंय. बारकोड स्कॅन केला की घटक, पोषणमूल्यं, भाव आणि माल कुठल्या रॅकवर आहे ते दिसतं. ओळखीच्या तीसेक जणांना दाखवलं, सगळे ‘मस्त आहे’ म्हणाले. दुकानात सुरू केल्यावर मात्र लोक गंमत म्हणून एकदा स्कॅन करतात आणि पुन्हा उघडत नाहीत. आता टेस्टिंगला किती माणसं घ्यावीत आणि कुठली फीचर्स वाढवावीत, असं तुम्ही विचारताय.

अडचण माणसांच्या आकड्यात नाही, आणि फीचर्स कमी पडताहेत असं तर अजिबात नाही. ओळखीच्या लोकांना दाखवून तुम्ही त्यांचं मत घेतलंत, टेस्टिंग अजून झालेलंच नाही. दुसरं म्हणजे तुमचं ॲप जे सांगतं त्यातलं बरंचसं पाकिटाच्या मागे छापलेलंच असतं. रॅकसमोर उभ्या माणसाला त्या क्षणी एखादाच प्रश्न पडलेला असतो. त्याचं उत्तर पाकीट उलटून बघण्यापेक्षा लवकर मिळालं, तर तो पुन्हा ॲप उघडेल. एरवी कशाला उघडेल?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. गिऱ्हाईक महिन्याची यादी घेऊन येणारी कुटुंबं आहेत, की संध्याकाळी दूध-ब्रेड न्यायला येणारी मुलं? मालकाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून भाव आणि मालाची यादी बाहेर काढता येते का? दुकानात सुट्टा माल किती विकला जातो? ही उत्तरं वेगळी असतील तर माझे काही सल्ले बदलतील. खाली जे लिहितोय ते किराणा आणि पॅकबंद खाद्यपदार्थ डोळ्यांसमोर ठेवून. साबण-शांपूचं गणित निराळं आहे.

आधी कोड बाजूला ठेवा आणि मालकाची परवानगी काढून दुकानात नुसते उभे राहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास. शनिवारी संध्याकाळी नको, तेव्हा कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि तुम्ही ट्रॉलीच्या वाटेत येता. कोण पाकीट उचलतं, उलटतं, परत ठेवतं, कुणाला काय विचारतं, एवढंच टिपायचं.

असंच उभं असताना बिस्किटांच्या रॅकपाशी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. साठीच्या पुढच्या एक बाई, दोन हातांत दोन पुडे. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एक पुडा नाकापर्यंत आणला, मग दुसरा. दोन्हींवर साखर लिहिलेली होती, पण एकाचं ‘सर्व्हिंग’ दोन बिस्किटांचं आणि दुसऱ्याचं तीन. पुढच्या बाजूला एकावर ‘फायबर’ मोठ्या अक्षरांत, दुसऱ्यावर गव्हाचं कणीस. शेवटी त्यांनी माल लावणाऱ्या मुलाला विचारलं, “यात साखर कमी का त्यात रे?” तो म्हणाला, “काकू, हे जास्त खपतं.” त्यांनी तेच बास्केटमध्ये टाकलं.

यात तुमच्यासाठी बराच ऐवज आहे. प्रश्न एका वस्तूचा नव्हता, दोन वस्तूंमधल्या फरकाचा होता. तुमचं ॲप एका वेळी एकच वस्तू दाखवतं. त्या बाईंना पोषणमूल्यांचा तक्ताही नको होता, फक्त साखर हवी होती, आणि तीही ‘एका बिस्किटात किती’ अशी. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) लेबलिंगच्या नियमांप्रमाणे आकडे सहसा १०० ग्रॅममागे दिलेले असतात. समजा १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर आणि बिस्किट ८ ग्रॅमचं, तर एका बिस्किटात २ ग्रॅम. हा भागाकार रॅकसमोर उभं राहून कोणी करत नाही, आणि दोन पुड्यांसाठी तर नाहीच. एक स्कॅन, दुसरा स्कॅन, आणि शेजारी-शेजारी दोन मोठे आकडे. एवढं करणारा एक स्क्रीन तुमच्या आत्ताच्या सगळ्या टॅबपेक्षा जास्त उपयोगाचा ठरेल.

घटकांचंही तसंच आहे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पहिलं नाव महत्त्वाचं, हे बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण साखर, इनव्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशी साखरेचीच चार नावं वेगवेगळ्या जागी असतील तर वाचणाऱ्याला बेरीज लागत नाही. ॲपने ती नावं एकाच रंगात उठवून दाखवली तरी पुरे. आयएनएस क्रमांकांचंही (पदार्थात मिसळलेल्या द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) तेच: ५००(ii) म्हणजे खायचा सोडा, ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. समोर साधं नाव आणि ते कशासाठी घालतात ते एका ओळीत लिहा. ‘धोकादायक’, ‘सुरक्षित’ असे शिक्के मारायच्या फंदात पडू नका. तो तुमचा विषय नाही, आणि दुकानदाराला स्वतःच्याच रॅकवर लाल शिक्के नको असतात.

आता पुण्यातला हमखास प्रश्न: हे उपवासाला चालतं का? तुमच्या फीचर्समध्ये त्याचं उत्तर नाहीये, आणि आषाढी किंवा नवरात्राच्या आधी दुकानात तुम्हाला तो सगळ्यात जास्त ऐकू येईल. याची व्याख्या कुठल्या नियमात नाही. एका घरात जिरं चालतं, दुसऱ्यात चालत नाही. कोथिंबीर, भेंडी, साधं मीठ की सैंधव, प्रत्येक घराचा आपला कायदा. म्हणून ॲपने ‘चालतं’ असा निकाल देऊ नये. घराने आपली ‘न चालणाऱ्या’ पदार्थांची यादी एकदा लावायची आणि ॲपने फक्त सांगायचं, की या चिवड्यात तुमच्या यादीतलं अमुक आहे. हीच यादी कांदा-लसूण न खाणाऱ्यांना, कंद वर्ज्य असणाऱ्या जैन घरांना, मैदा सोडलेल्यांना उपयोगी पडते. तुम्ही एकच यंत्रणा बांधता आणि चार प्रकारचे लोक ती आपापल्या कामाला लावतात.

ॲलर्जीच्या बाबतीत मात्र फार सांभाळून. तिथे उत्तरं तीनच असावीत: ‘आहे’, ‘अंश असू शकतो’ आणि ‘पाकिटावर उल्लेख नाही’. ‘नाही’ हे उत्तर तुमच्या ॲपमध्ये असूच नये. कारण तुम्ही माल तपासलेला नाही, लेबल वाचलंय. तेही कधीतरी वाचलंय. घटकांत थोडाफार बदल झाला तरी पाकिटावर जुनाच बारकोड असू शकतो. शिवाय २०२० च्या लेबलिंग नियमांत ॲलर्जीचे म्हणून जे पदार्थ वेगळे जाहीर करायचे आहेत त्यांत ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखी कवचाची फळं, सोया आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट येतं. तीळ त्या यादीत नाहीत. तिळाची ॲलर्जी असलेल्या माणसाने फक्त ‘कंटेन्स’ची ठळक ओळ वाचली तर ती पुरणार नाही, पूर्ण घटक वाचावे लागतील. तुमच्या प्रोग्रॅमनेही तेच करायला हवं.

प्रत्येक माहितीखाली ‘पाकिटावरून घेतली, अमुक महिना’ अशी बारीक ओळ आणि लेबलचा फोटो ठेवा. शंका आली की माणूस फोटो मोठा करून बघतो आणि निर्धास्त होतो. ओपन फूड फॅक्ट्ससारखा, लोकांनीच भरलेला पाकिटांवरच्या माहितीचा खुला साठा सुरुवातीला हाताशी असू द्या, पण आपल्या दुकानातल्या मालाशी पडताळल्याशिवाय त्यातलं काही दाखवू नका. चार दुकानांत सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालापासून सुरुवात करून स्वतः फोटो काढणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

बारकोडबद्दल दोन गैरसमज बऱ्याच जणांचे असतात. आकड्यांच्या सुरुवातीचं ८९० म्हणजे ‘भारतात बनलेला माल’ असं नसतं; तो क्रमांक जीएस१ इंडियाकडून (बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून) घेतला, इतकाच त्याचा अर्थ. तेव्हा ‘स्वदेशी’ असा शिक्का त्यावरून मारू नका. दुसरं, या साध्या बारकोडमध्ये छापील किंमत नसते आणि एक्सपायरीही नसते. एकाच क्रमांकाखाली जुन्या आणि नव्या किमतीचे पुडे शेजारी-शेजारी असतात. तुम्ही एमआरपी दाखवलीत आणि पाकिटावर वेगळी निघाली, की गिऱ्हाईक तुमच्या बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवणार नाही. भाव दाखवायचाच तर बिलिंगमधून आलेला, ‘आज या दुकानात’ असं लिहून. ते रोजच्या रोज जुळवणं जमणार नसेल तर भाव दाखवूच नका. काउंटरवर दोन रुपयांच्या फरकावरून सुरू झालेला वाद पुण्यात किती वेळ चालू शकतो, हे तुम्हाला सांगायला नको. (बॅच आणि एक्सपायरी सामावू शकणारे, क्यूआरसारखे द्विमिती कोड २०२७ अखेरपर्यंत बिलिंग काउंटरवर वाचता यावेत, असा जीएस१चा प्रयत्न आहे. तोवर तारीख पाकिटावर बघा, असं सरळ सांगा.)

दुकानात भरलेल्या शेंगदाण्याच्या, रव्याच्या पिशव्यांवरचा बारकोड बहुतेक वेळा २ ने सुरू होतो. तो त्या दुकानापुरताच असतो. त्यात वस्तूचा क्रमांक आणि वजन किंवा रक्कम कशी भरायची ते दुकानाचं सॉफ्टवेअर ठरवतं. तो तुम्ही बाहेरच्या साठ्यात शोधलात तर ‘वस्तू सापडली नाही’ येणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच वस्तू येणार. बिलिंगवाल्याकडून त्याची रचना मागून घ्या.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. लॉगिन नको, उघडताच कॅमेरा. चार दुकानांसाठी वेगळं ॲप कोणी उतरवून घेईल असं मला वाटत नाही, फोन आधीच सुप्रभातच्या फोटोंनी भरलेले असतात. रॅकवर क्यूआर लावून ब्राउझरमध्ये उघडणारं पान करा. बेसमेंटमध्ये रेंज नसते, तेव्हा जास्त खपणाऱ्या मालाची माहिती फोनवर आधीच उतरलेली हवी. फोनची अक्षरं सगळ्यात मोठी ठेवून स्वतः एकदा वापरून बघा. ज्येष्ठ मंडळी तशीच वापरतात, आणि तिथे वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जातात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मांसाहारी चिन्ह २०२० च्या नियमांपासून तपकिरी त्रिकोण आहे, शाकाहारी हिरवा गोल. तेच आकार वापरा, नुसत्या रंगावर विसंबू नका. शोधायच्या चौकटीत कोणी ‘दाणे’ लिहील, कोणी ‘शेंगदाणे’, कोणी रोमन लिपीत कसंही. सगळ्यांना एकच उत्तर मिळायला हवं.

आता टेस्टिंग. आकड्याचा प्रश्न आधी निकालात काढतो. ‘पाच माणसं पुरतात’ हे तुम्ही वाचलं असेल. त्यामागे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि थॉमस लॅन्डॉवर यांनी १९९३ साली मांडलेलं गणित आहे: एखादी अडचण एका माणसाला जाणवण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ज्या अडचणीची शक्यता १० टक्केच आहे, ती पाच जणांत सापडायची शक्यता ४१ टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय हे पाच एकाच प्रकारचे वापरणारे धरलेत. महिन्याची यादी आणणाऱ्या गृहिणी, मधुमेह असलेले आजोबा आणि हॉस्टेलमधली मुलं हे तीन गट आहेत. प्रत्येक गटातले चार-पाच घ्या, सापडलेलं दुरुस्त करा, मग पुन्हा नवे चार-पाच. तीस जणांना एकदाच बोलावण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं. आणि हेही लक्षात ठेवा की या गणितातून ‘कुठे अडखळतात’ ते कळतं, ‘लोकांना हे हवंय का’ ते कळत नाही.

हवंय का ते कळायला एक साधा उपाय आहे, जो मी ॲप बांधायच्या आधीच करायला सांगतो. रॅकवर एक व्हॉट्सॲप नंबर लावा: ‘पाकिटाचा फोटो पाठवा, काय जाणून घ्यायचंय ते विचारा’. पलीकडे तुमच्यातला एक जण बसून हाताने उत्तरं देईल. आठवडाभरात आलेले प्रश्न हीच तुमची फीचर्सची यादी. कोणी विचारलंच नाही, तर तेही फुकटात कळलं. माझा अंदाज सांगू? ‘माल कुठल्या रॅकवर आहे’ हे फोनवर फारसं कोणी विचारणार नाही. समोर माणूस उभा असतो, त्याला विचारतात.

लोक तोंडावर वाईट म्हणत नाहीत, हे धरूनच चाला. पोरांनी मेहनत घेतलीय, कशाला मोडता घाला, असा विचार असतो. म्हणून ‘आवडलं का’, ‘वापराल का’ हे प्रश्न काढून टाका. त्याऐवजी असं काम द्या ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. ‘तुमच्या नातवाला शेंगदाणे चालत नाहीत. या तीन पुड्यांपैकी कोणता घ्याल?’ ‘या दोन लोणच्यांत मीठ कशात कमी आहे?’ मग तीन गोष्टी टिपा: उत्तर बरोबर आलं का, किती वेळ लागला, आणि चुकीचं असूनही माणूस ठाम होता का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. अडखळणारा माणूस पाकीट उलटून बघतो, ठामपणे चुकणारा तो पुडा घरी नेतो.

सोबत तीच कामं ॲपशिवाय, नुसतं पाकीट वाचूनही करवा. निम्म्या लोकांना आधी ॲप द्या, निम्म्यांना आधी पाकीट, आणि दोन्ही वेळा वेगळे पुडे. जिथे पाकीटच लवकर उत्तर देतं ते फीचर काढून टाका. हे करताना त्रास होतो, कारण नेमकं तेच बांधायला दोन महिने गेलेले असतात.

आणि हे सगळं दुकानातच करा. ऑफिसात टेबलावर सपाट ठेवलेला पुडा लगेच स्कॅन होतो. दुकानात एका हातात बास्केट असते, मसाल्याचं पाकीट चुरगळलेलं असतं, चकचकीत प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकते. पुड्यावर जाहिरातीचा क्यूआर असेल तर अनेक जण फोन आधी त्यावरच धरतात, कारण यूपीआयमुळे ‘स्कॅन’ म्हणजे चौकोन हे डोक्यात पक्कं बसलंय. तुमचं ॲप तिथे काहीच न बोलता थांबलं तर लोक ‘बंद पडलं’ म्हणून सोडून देतात. मला तर तुमच्या ‘एकदाच स्कॅन करणाऱ्यां’मध्ये असे बरेच असतील अशी शंका आहे. क्यूआर दिसला की ‘हा नाही, उभ्या रेघांवर धरा’ असं चित्रासकट सांगा, आणि तोवर कॅमेरा चालू ठेवा.

माणूस अडखळला की मदतीला धावू नका. ‘आता काय होईल असं वाटतंय?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ॲप तुम्ही केलंय हे सांगू नका. शक्यतो प्रश्न विचारणारा आणि ॲप बांधणारा वेगळा असू द्या. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून, आणि फक्त स्क्रीन व हात; चेहऱ्याची गरज नसते. कोणाला मधुमेह, कोणाला कसली ॲलर्जी, ही माहिती फोनबाहेर जाऊच देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

तेव्हा क्रम असा लावा: आधी दुकानात उभं राहणं आणि व्हॉट्सॲप नंबर, मग दोन पुड्यांची तुलना आणि घराची यादी हे दोनच स्क्रीन, जास्त खपणाऱ्या मालाची पडताळलेली माहिती, आणि त्यानंतर गटागटाने कामं देऊन टेस्टिंग. रॅकची जागा, आवडीच्या वस्तू, रेटिंग हे तूर्त झाकून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती येणारच. मालक म्हणेल, स्कॅन केल्यावर वर ऑफरचा बॅनर टाका. पैसे त्याचे आहेत, त्यामुळे थेट नाही म्हणून भागणार नाही. उत्तराच्या खाली जागा देऊ करा. त्याला वरच हवा असेल तर दोन्ही प्रकार करा, तीच शेंगदाण्याची आणि मिठाची कामं दोन्हींवर द्या आणि बरोबर उत्तरांचे आकडे त्याच्यासमोर ठेवा. बहुतेक मालकांना आपल्या दुकानात चुकीचा पुडा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला आलेलं आठवतं. मालाची आणि भावाची फाइल मागायची असेल तर ती त्याच बैठकीत मागा.